पेसमेकर आहे आणि उगाचच घाम फुटतोय: कारण शोधताना

पेसमेकर बसवलेल्या माणसाला अचानक दरदरून घाम येऊ लागला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष गळपट्टीच्या हाडाखालच्या त्या उंचवट्याकडे जातं. वायर सरकली असेल, बॅटरी संपत आली असेल, करंट जास्त लागत असेल, अशा शंका घेऊन माणसं येतात. पेसमेकरची तपासणी आणि सेटिंग करणं हे आमचं रोजचं काम. घामाच्या तक्रारीचा शोध प्रत्यक्षात कसा चालतो, कुठे अडतो आणि कशामुळे भरकटतो, ते इथे मांडतो आहोत. यंत्रामुळेच घाम येतोय असं निघण्यापेक्षा, यंत्रात साठलेल्या नोंदींच्या आधारे घामाचं दुसरंच कारण हाती लागतं, असं आम्ही जास्त वेळा पाहिलं आहे.

आधी तातडीचं. घामाबरोबर छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, धाप, डोळ्यांसमोर अंधारी, शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल तर वही-पेन बाजूला ठेवा आणि थेट आपत्कालीन विभागात जा. पेसमेकर ठोके पडू देतो, हृदयाची रक्तवाहिनी तुंबण्यापासून वाचवत नाही. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना छातीत न दुखता नुसता गार घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणं, एवढ्यावरही हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. शिवाय हृदयाच्या खालच्या कप्प्यातून पेसिंग (यंत्राने ठोके देणं) चालू असलं की ईसीजीचा आकार मुळातच रुंद आणि वेगळा दिसतो, त्यात झटक्याच्या नेहमीच्या खुणा झाकल्या जातात. त्यामुळे ‘हा पेसमेकरचाच ईसीजी आहे’ एवढं ऐकून घरी परतू नका. काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी) रक्तचाचणी आणि जुन्या ईसीजीशी तुलना झालीच पाहिजे. म्हणून बरं वाटत असतानाचा एक ईसीजी मोबाइलमध्ये कायम ठेवा. त्या वेळी तो फार उपयोगी पडतो.

आता नाडीबद्दल, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. एरवी ताप चढला, साखर उतरली, पोटात रक्तस्राव झाला किंवा थायरॉइड वाढला की नाडी धावायला लागते आणि डॉक्टर सावध होतात. ज्याला पूर्ण हार्ट ब्लॉक आहे (वरच्या कप्प्याचा संकेत खाली पोचतच नाही) आणि ज्याचं यंत्र व्हीव्हीआय मोडवर (फक्त खालचा कप्पा ठरलेल्या दराने चालवणाऱ्या पद्धतीवर) ६० ला लावलेलं आहे, त्याची नाडी साखर ५० वर आली तरी ६० राहते. दोन वायरचं यंत्र वरच्या कप्प्याच्या ठोक्यांच्या मागे जातं, त्यामुळे तिथे नाडी वाढू शकते. पण सायनस नोड, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठोके सुरू करणारा भागच थकलेला असेल तर तीही फारशी वाढत नाही. त्यात बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी औषधं. पेसमेकर बसल्यावर ठोके फार मंदावतील ही भीती उरत नाही, म्हणून मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारख्या गोळ्या मोकळेपणाने दिल्या जातात. त्या धडधड आणि हातांची थरथर दाबतात, घाम मात्र दाबत नाहीत, कारण घामाच्या ग्रंथींना आदेश अॅसिटिलकोलीन या वेगळ्या रसायनाकडून मिळतो. अशा माणसात धोक्याची बाकी लक्षणं गप्प होतात आणि घाम ही एकच खूण उरते. म्हणून ‘नाडी नॉर्मल आहे, काळजी करू नका’ हे वाक्य पेसमेकर असलेल्या माणसाला लागू करताना दहादा विचार करावा.

शोधाची सुरुवात आम्ही वहीने करतो. दोन आठवडे. प्रत्येक वेळेची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ, घाम किती मिनिटं टिकला, कुठे आला (फक्त चेहरा आणि मान, सगळं अंग, की एकच बाजू), कातडी गार होती की तापलेली, त्या वेळी काय चाललं होतं, शेवटचं खाणं आणि शेवटची गोळी किती वाजता. जमेल तितक्या वेळा घाम चालू असतानाच तीन मोजमापं घ्यायची: रक्तदाब, ग्लुकोमीटरवरची साखर आणि ताप. घाम ओसरल्यावर घेतलेले आकडे बहुतेकदा नॉर्मलच येतात आणि दिशाभूल करतात. साखर तपासण्याआधी बोट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. ओल्या बोटावरच्या घामाने थेंब पातळ होतो आणि आकडा चुकतो. दंडावर साखरेचा सेन्सर लावला असेल तर तो रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, आणि झोपेत त्याच कुशीवर भार पडला तर साखर खोटीच खाली गेलेली दाखवतो. मध्यरात्रीचा असा आकडा बोटाच्या रक्ताने पडताळल्याशिवाय धरू नये.

नाडी मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोजायची. ऑक्सिमीटर किंवा रक्तदाबाचं मशीन कधी कधी ३५ किंवा ४० दाखवतं आणि घर हादरून जातं. यंत्र ६० ला लावलेलं असताना असा आकडा येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मध्येच पडणारे जादा ठोके. ते इतके दुबळे असतात की बोटापर्यंत पोचत नाहीत, मशीनला दिसत नाहीत, पण पेसमेकर त्यांना मोजतो आणि आपला ठोका रोखून धरतो. ईसीजी काढला की हे लगेच कळतं. काही यंत्रांत रात्रीसाठी मुद्दाम कमी दर लावलेला असतो, तेव्हा पहाटे ५० दिसणं हा बिघाड नव्हे. हाताच्या घड्याळातल्या ईसीजीवर मात्र पेसिंग चालू असताना विसंबू नका.

वही घेऊन यंत्राची तपासणी. आल्याआल्या ‘घामाची तक्रार आहे, या या वेळा आहेत’ असं सांगा. नाहीतर नेहमीची तपासणी होते: बॅटरी ठीक, वायर ठीक, पुढची तारीख. तक्रार सांगितली की तपासणीचा रोखच बदलतो. आम्ही सगळ्यात आधी यंत्रातलं घड्याळ आणि मोबाइलवरची वेळ जुळते का ते बघतो. यंत्राचं घड्याळ पुढे-मागे असेल तर पहाटे तीनचा घाम आणि यंत्रातली चारची नोंद एकमेकांना कधीच भेटत नाहीत. मग त्या वेळांना काय नोंदलं आहे ते उघडतो: वरच्या कप्प्याचे अतिजलद ठोके, एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्याची अनियमित लय), खालच्या कप्प्याची धाव, मोड बदलल्याची नोंद. वहीतल्या पाच वेळांपैकी चार वेळा तिथे काही सापडलं तर शोध जवळजवळ संपला. एकदाही काही सापडलं नाही, तर ठोक्यांच्या गडबडीचा संशय बराच मावळतो आणि बाकीच्या कारणांकडे वळता येतं. पण यंत्र ठरवलेल्या दराच्या वरचेच प्रसंग साठवतं. ती मर्यादा १७० ला ठेवलेली असेल तर १४० ची धाव तिथे दिसणार नाही. अशा वेळी मर्यादा खाली आणून पुन्हा दोन आठवडे थांबायचं.

मग वायरी. वायरचा विद्युत प्रतिरोध साधारण ३०० ते १५०० ओहमच्या दरम्यान असतो, पण एकटा आकडा बघून काही कळत नाही, आधीच्या आकड्यांशी ताडून बघावा लागतो. एकदम घसरला तर वायरचं आवरण फाटल्याचा संशय, एकदम चढला तर वायर तुटल्याचा किंवा यंत्राच्या डबीतला स्क्रू सैल असल्याचा. हृदयाने यंत्राचा संकेत पकडून ठोका द्यायला किमान किती व्होल्ट लागतात तेही बघतात, आणि यंत्राचा पुरवठा साधारण त्याच्या दुप्पट ठेवतात. हे अंतर कमी झालं की काही ठोके हुकतात, आणि हुकलेल्या त्या सेकंदांत घाम, अंधारी, गरगरणं एकत्र येतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तरीही असं होतं. मूत्रपिंड कमजोर असताना स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर आम्ही पोटॅशियम तपासायला लावतोच. उलट प्रकारही असतो: छातीच्या स्नायूंची हालचाल यंत्राला हृदयाचा ठोका वाटते आणि ते गप्प बसतं. त्यासाठी दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात दाबायला लावतो, हात विरुद्ध खांद्यावर नेऊन रेटायला लावतो, आणि त्याच वेळी पडद्यावर गोंगाट येतो का ते पाहतो. नुसतं आडवं झोपवून केलेल्या तपासणीत हा दोष निसटतो.

यंत्राशी निगडित कारणांमध्ये सर्वात जास्त दुर्लक्षित राहतो तो पेसमेकर सिंड्रोम. फक्त खालचा कप्पा चालवला जातो, आणि वरचा कप्पा झडपा बंद असतानाच आकुंचन पावतो. रक्त पुढे जाण्याऐवजी मानेच्या शिरांत उलटं उसळतं, रक्तदाब पडतो, आणि तो सावरण्यासाठी शरीर घाम फोडतं. मानेत ठोके जाणवणं, थकवा, धाप आणि घाम असं सगळं एकत्र सांगणारा माणूस दिसला की आम्ही स्वतःच्या लयीत आणि पेसिंगच्या लयीत असा दोन्हीकडे रक्तदाब मोजतो. पेसिंग सुरू होताच वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर निदान जवळपास पक्कं. बॅटरी बदलायची वेळ आली की बरीच यंत्रं वीज वाचवण्यासाठी आपणहून व्हीव्हीआय मोडवर जातात, काहींत दर ६५ होतो, आणि हालचालीनुसार ठोके वाढवणारा सेन्सर बंद पडतो. वर्षानुवर्षं ठणठणीत असलेला माणूस मग एका आठवड्यात गळून जातो, जिना चढताना घामाघूम होतो, आणि बॅटरी अजून पूर्ण संपलेली नसल्यामुळे कुणी यंत्राकडे बघत नाही. या टप्प्यानंतर साधारण तीन महिन्यांची मुदत हाती असते. ती वाट पाहण्यात घालवू नये.

सेन्सर दोन्ही बाजूंनी त्रास देतो. तो बंद किंवा फार सुस्त असेल तर चालतानाही ठोके ६० वरच अडतात. ठोक्यांच्या आलेखात ६० वर एकच उंच खांब आणि पुढे मोकळं मैदान दिसतं. तीव्र लावलेला असेल तर खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसतं बसलेल्या माणसाचे ठोके शंभरावर जातात. काही यंत्रं श्वासाच्या गतीवरून दर ठरवतात. रुग्णालयात खाटेशेजारचा मॉनिटर छातीवरच्या पट्ट्यांतून श्वास मोजत असेल तर त्याचे संकेत आणि यंत्राचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि शांत पडलेल्या माणसाला १२० च्या आसपास पेसिंग सुरू होतं. मॉनिटरवरचं श्वासाचं मोजमाप किंवा यंत्राचा सेन्सर बंद केला की थांबतं. दोन वायरच्या यंत्रात आणखी एक चक्र होऊ शकतं: खालचा ठोका उलट्या वाटेने वर जातो, यंत्राला तो नवा ठोका वाटतो, त्यामागे ते पुन्हा खाली ठोका देतं. दर वरच्या मर्यादेपाशी, म्हणजे १२० ते १३० वर अडकतो. एका क्षणात सुरू आणि एका क्षणात बंद. यंत्रावर मॅग्नेट (चुंबक) ठेवला की तुटतं, आणि सेटिंगमध्ये वरच्या कप्प्याचा विश्रांतिकाळ वाढवला की सहसा परत येत नाही.

बरीच वर्षं उजव्या खालच्या कप्प्यातून पेसिंगचं प्रमाण जास्त असेल, साधारण २० टक्क्यांच्या वर, तर काही जणांचं हृदय हळूहळू अशक्त होत जातं. थोड्या श्रमात घाम, उताणं झोपलं की धाप, पावलांना सूज. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून हृदयाच्या पंपिंगचा आकडा पेसमेकर बसवण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघावा. यंत्र ‘उत्तम चालू आहे’ आणि हृदय दमत चाललं आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता यंत्राबाहेरचं. भोवळ येऊन पडण्याच्या त्रासासाठी पेसमेकर बसवलेल्यांपैकी काहींना तो बसल्यावरही उभं असताना घाम, मळमळ, चेहरा पांढराफटक असं होतं. या त्रासाचे दोन भाग असतात, ठोके थांबणं आणि रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळणं. पेसमेकर पहिला भाग सांभाळतो, दुसऱ्यावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. पाच मिनिटं झोपवून, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब घ्या. वरचा २० किंवा खालचा १० उतरला तर लघवीच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर नेहमीची साखर लवकर कामाला येत नाही, ग्लुकोजच लागतो. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते आणि वर्षानुवर्षं सोसलेला तोच डोस एकाएकी जड जातो. पहाटेचा घाम, भिजलेली उशी आणि सकाळची डोकेदुखी दिसली की आम्ही आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) विचारतो.

एमिओडॅरोन या ठोक्यांची लय ताब्यात ठेवणाऱ्या गोळीवर थोडं थांबायला हवं, कारण पेसमेकर असलेल्या पुष्कळांना ती चालू असते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराची दिवसाची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम. त्यामुळे थायरॉइड मंदावूही शकतो आणि भडकूही शकतो. भडकला तर घाम, वजन घटणं, मांड्यांत अशक्तपणा. धडधड मात्र बीटा ब्लॉकरने दाबलेली. औषध चरबीत साठतं आणि आठवड्यांनी, महिन्यांनी बाहेर पडतं, म्हणून गोळी बंद करून बरेच महिने झाले तरी हा त्रास उद्भवू शकतो. ‘ती गोळी तर केव्हाच थांबली’ म्हणून तो संशय सोडू नका. टीएसएच आणि फ्री टी-फोर (थायरॉइडच्या रक्तचाचण्या) दर सहा महिन्यांनी तपासावं, चाचणीआधी किमान दोन दिवस बायोटिन असलेल्या केसांच्या गोळ्या घेऊ नयेत, आणि एमिओडॅरोन स्वतःच्या मनाने बंद करू नये.

बाकी औषधांचीही यादी लांब आहे. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, व्हेन्लाफॅक्सीन, ट्रॅमाडॉल, प्रेडनिसोलोन, प्रोस्टेटच्या कर्करोगाची हार्मोनची इंजेक्शनं. विस्मरणासाठी दिलं जाणारं डोनेपेझिल घामही आणतं आणि ठोकेही मंदावतं. क्लोनिडीन ही रक्तदाबाची गोळी किंवा बीटा ब्लॉकर एकदम थांबवल्यावरही घाम फुटतो, म्हणून ‘काय चालू आहे’ इतकंच ‘काय बंद झालं’ हे विचारावं लागतं. ट्रॅमाडॉल आणि नैराश्याची गोळी एकत्र असताना घामाबरोबर थरथर आणि पायांना झटके येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ज्याची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटते तो जंतुसंसर्ग. रात्रीचा घाम, अधूनमधून हुडहुडी, बारीक ताप, भूक मेलेली. यंत्राच्या जागी लाली, कातडी पातळ किंवा डबीला चिकटलेली दिसेल, पण वायरवरचा संसर्ग बाहेरून काहीही न दाखवता महिन्यांनी, वर्षांनीही सुरू होऊ शकतो. ताप आला म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, ताप उतरतो, गोळ्या संपल्या की परत चढतो, असं दोन-तीनदा होतं, आणि त्यातच निदानाची संधी निघून जाते. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून ब्लड कल्चरचे (रक्तात जंतू वाढतात का ते बघणाऱ्या चाचणीचे) दोन-तीन संच घ्यायला सांगा. तोंडातून नळी घालून केलेला इको लागतो, आणि तो स्वच्छ आला तरी संशय लगेच फिटत नाही. उंचवट्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका, त्याने जंतू आत जाऊ शकतात. संसर्ग ठरला तर नुसत्या औषधांवर तो सहसा मुळापासून जात नाही, डबी आणि वायरी पूर्ण काढाव्या लागतात.

घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वासरोध तपासावा. पाळी जाण्याच्या वयातली गरम लाट दोन-चार मिनिटांची, चेहऱ्यापासून छातीपर्यंत, आणि मागून गारठा. जुन्या मधुमेहात पाय कोरडे आणि खाताना चेहरा-डोकं घामाने निथळतं. वजन घटत असेल, गाठी हाताला लागत असतील, खोकला जात नसेल तर छातीचा एक्स-रे आणि रक्ताची पूर्ण तपासणी लांबणीवर टाकू नये. घाम, डोकेदुखी आणि एकाएकी चढणारा रक्तदाब असं त्रिकूट असेल तर मेटानेफ्रीनची चाचणी (अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीच्या शोधासाठी).

एवढं सगळं करून कारण सापडलं नाही आणि घाम ठरावीक जागीच येत असेल, तर उपाय निवडताना पेसमेकर सांगायला विसरू नका. तळहात-तळपायांसाठी पाण्यातून वीज सोडण्याचा आयोन्टोफोरेसिसचा उपचार पेसमेकर असताना करत नाहीत. काखेसाठीचा मायक्रोवेव्हचा उपचारही नाही. २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण रात्री पूर्ण कोरड्या कातडीवर लावून सकाळी धुता येतं, बोटॉक्सची इंजेक्शनंही चालतात. ऑक्सिब्युटिनिन, ग्लायकोपायरोलेट या गोळ्या घाम कमी करतात, पण ठोके वाढवू शकतात आणि वयस्करांना लघवी अडणं, गोंधळल्यासारखं होणं असा त्रास देतात.

यंत्राची सेटिंग बदलायची ठरली तर एका वेळी एकच बदल. दर, सेन्सर आणि मोड एकाच बैठकीत बदलले तर बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडलं तर काय उलटवायचं तेही नाही. आधीची आणि नंतरची सेटिंग छापून घ्या, बदलाची तारीख वहीत लिहा आणि पुढचे दोन आठवडे त्याच रकान्यांत नोंदी चालू ठेवा. त्याच काळात गोळ्यांमध्ये बदल करायचा असेल तर तो या नोंदी पूर्ण झाल्यावर करता येईल का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.